संपलं, असं कुणी म्हणालंच नाही

"बारक्या त्या रात्री अगदी साध्या कामाला गेला होता," मामांनी सुरुवात केली. "जुना टीव्ही उतरवायचा, नवा पडदा चढवायचा, कागदावर सही ठोकायची आणि घरी यायचं. शनिवार होता. दहाला दहा कमी."

जेवणं उरकली होती. गच्चीवर सतरंजी टाकून सगळे बसले होते. भाचीचं सहा महिन्यांचं पोर तिच्या मांडीवर कसंबसं झोपलं होतं आणि ती दर दोन मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघत होती. विषय काढला होता जावईबापूंनी. त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या मीटिंग रूम म्हणे डिजिटल झाल्या होत्या. भिंतीएवढा पडदा, बोलणाऱ्याकडे आपोआप वळणारा कॅमेरा, वायरीचं नाव नाही.

"आणि बोलणारे?" मामांनी विचारलं होतं. "का ते जुनेच ठेवलेत?"

जावईबापू हसले नाहीत.

मामांची हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. ही गोष्ट ज्या इमारतीतली, तिथल्या चारही लिफ्ट शेवटची सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली होत्या. "बारक्या माझ्या चांगल्या ओळखीचा. त्यानं सांगितलं तसं सांगतो. मध्ये प्रश्न विचारू नका. उत्तरं मलाही ठाऊक नाहीत."

"हळू सांगा हं मामा, पोर आत्ताच झोपलंय."

"ही गोष्ट मोठ्यानं सांगताच येत नाही, बाई."

*

बारक्या काही बारका नव्हता. चांगला पस्तिशीचा, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. पण नऊ वर्षांपूर्वी कामाला लागला तेव्हा काडी होता, आणि वस्तादांनी एकदा ठेवलेलं नाव पुढं कुणी बदलायच्या भानगडीत पडलं नाही.

वस्ताद म्हणजे त्या कंपनीचे व्हिडिओवाले. सातव्या मजल्यावर बारा मीटिंग रूम. त्या बाराही खोल्यांतले टीव्ही, कॅमेरे, माइक आणि भिंतींमधून गेलेल्या मैलभर काळ्या केबली एकट्या वस्तादांनी ओढलेल्या. सगळ्यात मोठी खोली बारा नंबरची. वरची मंडळी तिथं बसायची. त्या खोलीमागं एक चिंचोळी खोली होती, खिडकी नाही, काही नाही. आत मशीन रचलेले लोखंडी घोडे, एक खुर्ची, एक छोटा काळापांढरा टीव्ही. वस्ताद तिथं बसायचे. बारा नंबरमध्ये काय चाललंय ते त्यांना त्या वीतभर टीव्हीवर दिसायचं, आणि तिथली मंडळी मात्र वस्तादांना कधीच बघायची नाहीत. त्यांना वाटायचं, चित्र आपोआप येतं.

काय व्हायचं त्या मीटिंगांत? बारक्या सांगायचा, वस्तादांच्या हाताखाली असताना एकही निर्णय झालेला त्यानं पाहिला नाही. आठ माणसं बसायची. एक जण आलेख दाखवायचा, सात जण माना डोलवायचे, आणि शेवटी ठरायचं काय, तर पुढच्या मीटिंगची तारीख. त्या माना स्वच्छ दिसाव्यात म्हणून एका माणसानं तीस वर्षं भिंतीमागं बसून काढली.

मीटिंग संपली की खोलीतल्या कुणीतरी माइकमध्ये एक शब्द म्हणायचा, "संपलं." तो ऐकला की वस्ताद विचारायचे, "किती वाजता?" खोलीतला माणूस वेळ सांगायचा, वस्ताद ती वहीत टिपायचे आणि मग एकेक बटण बंद करायचे. हा नेम त्यांनी स्वतःच घातलेला. सुरुवातीच्या काळात एकदा टीव्हीवर खोली रिकामी दिसली म्हणून त्यांनी सगळं बंद केलं, तर चेअरमनसाहेब टेबलाखाली वाकून बूट शोधत होते. अंधारात डोकं आपटलं. त्यावरून वस्तादांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते ते कुणाला सांगायचे नाहीत. तेव्हापासून ठरलं. कुणी "संपलं" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. मग कितीही वाजोत.

"एवढी शिस्त?" जावईबापू म्हणाले.

"शिस्त कसली? अपमान पुन्हा नको, म्हणून माणूस जे करतो ते. बाहेरून ती शिस्तच दिसते."

*

दोन वर्षांपूर्वी तिथं एक नवे साहेब आले. खुर्चीचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण ते दर वाक्यात "परिवर्तन" म्हणायचे, त्यामुळं शिपायापासून सगळे त्यांना परिवर्तनसाहेबच म्हणायला लागले. त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं की जुनं सगळं जाणार आणि डिजिटल येणार. डिजिटल म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही, पण ते येणार हे मात्र ते फार छान सांगायचे. तीनतीन मीटिंगा घेऊन सांगायचे. त्या मीटिंगांचं चित्रही वस्तादच दाखवायचे, जुन्याच टीव्हीवर.

एव्हाना बारक्या वस्तादांना सोडून डिजिटल काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडं गेला होता. नेमकं त्यालाच इथली जुनी यंत्रणा तपासायला पाठवलं. वस्तादांनी त्याला मागच्या खोलीत बसवून चहा पाजला, एकेक केबल हातानं दाखवली. आणि बारक्यानं कागदावर लिहिलं, "कालबाह्य. दुरुस्त करण्याजोगी नाही." चहा संपायच्या आत लिहिलं. त्यानंतर वस्तादांना तोंड दाखवायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याच कागदाच्या जोरावर वस्तादांना घरी पाठवायचं ठरलं. शुक्रवार ठरला. संध्याकाळी सहापासून कार्यमुक्त. पत्र तयार, वर शिक्काही होता. फक्त ते पत्र तोंडावर द्यायचं काम परिवर्तनसाहेबांचं होतं, आणि त्यांना ते काही जमेना. माणसाशी समोरासमोर बोलायचं म्हटलं की त्यांचं परिवर्तन गारठायचं. त्यांनी पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि संगणकवाल्यांना सांगून सहाच्या ठोक्याला वस्तादांचं ओळखपत्र बंद करवलं, म्हणजे संगणकाच्या लेखी ते बाहेर पडले. आणि त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत फोन करून म्हणाले, "वस्ताद, आज वरच्या मंडळींची मीटिंग लांबेल. संपेपर्यंत थांबा हं."

वस्ताद थांबले.

मीटिंग नऊ वाजून दहा मिनिटांनी संपली. विषय होता, माणूस हीच आपली खरी संपत्ती. मंडळी उठली, आपापसात हसत लिफ्टपाशी आली. माइकमध्ये काही बोलायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तो शब्द नेहमी परिवर्तनसाहेबांच्या आधीपासूनचे एक कारकून म्हणायचे, आणि त्यांना त्याच आठवड्यात काढलं होतं.

लिफ्टपाशी बारक्याही होता. नव्या पडद्याची मापं घ्यायला आला होता; साहेबांनी वस्तादांना थांबायचा फोन केला तेव्हा समोरच होता. मागच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसत होता. आत जाऊन नुसतं "संपलं" म्हणायचं. वीस पावलं. बारक्या पाच पावलं गेला. मग त्याला तो चहा आठवला. परत फिरला आणि मंडळींबरोबर लिफ्टमध्ये शिरला.

वस्ताद घरी गेले नाहीत.

शनिवारी काकू, म्हणजे वस्तादांची बायको, दोनदा गेटवर आल्या. पहारेकऱ्यानं संगणकात बघून सांगितलं, ते काल सहा वाजताच बाहेर पडलेत. काकू म्हणाल्या, एकदा वर जाऊन बघा. तो म्हणाला, बघायचं काय त्यात, इथं लिहिलंय की. रविवारी पुन्हा आल्या, पुन्हा तेच. सोमवारी सकाळी सफाईच्या मावशींनी मागची खोली उघडली. वस्ताद खुर्चीत बसलेले होते. छोटा टीव्ही चालू. त्यावर रिकामी खोली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

कंपनी म्हणाली, हा माणूस सहा वाजताच कार्यमुक्त झाला होता, मग आत काय करत होता? आणि मग व्हायचं तेच झालं. कुजबूज सुरू झाली. काढलं म्हणून रागानं नवी यंत्रं मोडायला लपून बसला असेल. चोरीला बसला असेल. काकूंच्या गल्लीपर्यंत ते पोचलं. शेजारणी दारात उभ्या राहून बोलायच्या आणि काकू आल्या की गप्प व्हायच्या.

काकूंनी कंपनीकडं एकच गोष्ट मागितली. "मला बाकी काही नको. एवढंच लिहून द्या की ते गेले तेव्हा कामावर होते."

कुणीही लिहून दिलं नाही.

*

आता या, त्या शनिवारच्या रात्रीवर. वस्तादांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

मीटिंग रूमची कामं शनिवार-रविवारच्या रात्रीच करावी लागतात, एरवी खोल्या रिकाम्या मिळतात कुठं? बारक्यानं अकरा खोल्या संपवल्या होत्या. उरली होती बारा नंबरची. पहारेकऱ्यानं किल्ली दिली आणि तो पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. सातव्या मजल्यावर बारक्या एकटा.

टेबलावर कामाचा कागद ठेवलेला होता, परिवर्तनसाहेबांनी स्वतः तयार केलेला. त्यावर एक ओळ आधीच छापून घेतली होती. "खोली बारामधील जुनी यंत्रणा शुक्रवार सायंकाळी सहापासून बंद होती." खाली जागा, तंत्रज्ञाची सही. बारक्याला ओळ वाचताक्षणी कळली. यंत्रणाच बंद होती म्हटल्यावर चालवणारा कशाला लागेल? म्हणजे वस्ताद तिथं विनाकारण होते. म्हणजे कुजबूज खरी. सही केली की पुढच्या इमारतीचं कामही बारक्याला मिळणार होतं. तसं त्याला तोंडी सांगितलंही होतं.

"त्यानं काय करायचं ठरवलं होतं?" भाचीनं विचारलं.

"प्रश्न नको म्हटलं होतं मी. सही करायचं ठरवलं होतं. आणखी काय ठरवणार? बायको, दोन पोरं. त्यानं स्वतःला तेच सांगितलं. असल्या वेळी माणसाला बायकापोरं फार आठवतात."

जुना टीव्ही उतरला. भिंतीतल्या काळ्या केबली त्यानं पक्कडीनं कचाकच कापल्या. टोकं तशीच लोंबत ठेवली. वस्ताद असते तर रागावले असते. ते सांगायचे, "तार कापलीस की टोकाला टोपी घालावी. तारेला सांगावं लागतं रे, की तू इथं संपलीस. नाहीतर सिग्नल टोकापर्यंत जातो, धडकतो आणि मागं फिरतो. मग पडद्यावर सावली पडते." जुन्या टीव्हीवर ती कितीतरी वेळा दिसायची. माणसाच्या उजव्या अंगाला दुसरा पुसट माणूस. टोपी घातली की जायची. पण आता त्या केबलींना कुणी विचारणार नव्हतं. टोपी कशाला घालायची?

साडेअकराला नवा पडदा लागला. पडद्यासमोरच्या भिंतीवर, उंचावर लावलेला कॅमेरा सुरू केला तशी अख्खी खोली पडद्यावर आली. लांबलचक टेबल, बारा खुर्च्या, शिडी, आणि शिडीजवळ बारक्या. चित्र इतकं लख्ख की त्याला स्वतःच्या डोक्यावर विरळ झालेली जागा पहिल्यांदाच दिसली. आठ माना डोलताना बघायला एवढी स्वच्छता, असं मनात म्हणून तो हसला.

सव्वाबाराला त्यानं सामान आवरायला घेतलं. सहज पडद्याकडं पाहिलं.

त्याच्या उजव्या अंगाला सावली होती.

पुसट. बोटभर रुंद. जुन्या टीव्हीवर पडायची तशीच.

बारक्या हसलाच. मग त्याच्या लक्षात आलं आणि हसू गेलं. डिजिटलमध्ये सावली पडत नाही. पडूच शकत नाही. तिथं एक तर चित्र येतं, नाहीतर येत नाही. अधलंमधलं काही नसतं. त्या कामातल्या पोरासोरालाही हे माहीत असतं.

त्यानं पडदा बंद करून पुन्हा लावला. चित्र स्वच्छ आलं. त्यानं श्वास सोडला.

मग ती पुन्हा आली. आता त्याच्यापासून हातभर लांब.

त्यानं उजवा हात वर केला. पडद्यावर त्यानं हात वर केला. सावलीनं केला नाही. बारक्यानं मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार... पाचाला सावलीचा हात वर गेला.

त्यानं हात खाली घेतला. सावलीचा हात खाली आला नाही.

*

मामा थांबले. भाचीनं पोराच्या नाकाशी बोट धरलं आणि ते तिथंच राहू दिलं.

*

बारक्यानं मागं वळून पाहिलं. खोली रिकामी. बारा खुर्च्या. शिडी.

पुन्हा पडद्याकडं.

सावली त्याच्यापासून सुटली होती. ती आता त्याच्या उंचीची नव्हती. बुटकी होती. खांद्यात वाकलेली. भिंतीला टेकून उभी होती, मागच्या खोलीच्या बाजूला. आत बोलावल्याशिवाय न येणारा माणूस उभा राहतो ना, तशी.

नव्या स्पीकरमधून खर्र असा आवाज आला. जुना माइक चालू करताना यायचा तो. मग कुणीतरी घसा खाकरला.

"साहेब... संपलं का?"

बारक्यानं टेबल धरलं.

"साहेब, थांबू अजून?"

एवढं झालं तरी साहेबच. बारक्याला त्या क्षणीही हेच जाणवलं, असं तो म्हणतो. तीस वर्षं भिंतीमागं, आणि अजून विचारतायत, थांबू का...

त्यानं दाराकडं बघितलं. दार नऊ-दहा पावलांवर.

"बारक्या..."

...

"तूच ना रे? पावलं ओळखली मी. त्या शुक्रवारीपण तुझीच होती. पाच आली... आणि परत गेली."

माइक टेबलाच्या मध्यावर होता. बारक्या कसा पोचला, त्याला ठाऊक नाही. तोंड माइकपाशी नेलं.

"संपलं, वस्ताद."



सावली भिंतीपाशीच होती.

"किती वाजता?"

बारक्याची नजर कागदावर गेली. समोरच होता. छापलेला. सहा. आणि ऐका, त्या घटकेला, समोर हे असं उभं असताना, त्या माणसानं आधी पुढच्या इमारतीच्या कामाचा विचार केला. नंतर मला सांगताना रडला त्यावरून. पण केला. जीभ आपोआप वळली.

"सहा... सहा वाजता."

पडद्यावर सावली भिंतीपासून निघाली. पहिल्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"किती वाजता?"

"सहा, वस्ताद..."

चौथी खुर्ची. चालताना दिसली नाही. तिथं होती.

"किती वाजता, बारक्या?"

सातवी. नववी. पडद्यावर त्याची स्वतःची पाठ दिसत होती. आणि पाठीमागं...

मानेवर गार लागलं.

मागं बघायची ताकद नव्हती. पडद्यावर बघायची त्याहून नव्हती. त्यानं डोळे मिटले.

"नऊ दहा," तो म्हणाला. "नऊ वाजून दहा मिनिटांनी संपलं, वस्ताद. मी तिथंच होतो. तुम्ही कामावर होता, मला ठाऊक होतं. मी सांगायला आलो नाही. तुम्हाला तोंड कसं दाखवू म्हणून आलो नाही..."



मग अगदी जवळून, हळू,

"बरं."

बस. एवढंच.

त्यानं डोळे उघडले तेव्हा पडदा स्वच्छ होता. टेबल, खुर्च्या, शिडी आणि एक घामानं भिजलेला माणूस. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती, बारा सत्तेचाळीस.

*

त्यानं पेन काढलं. छापलेली ओळ आडवी खोडली. वर लिहिलं, "खोली बारामधील जुनी यंत्रणा शुक्रवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत चालू होती. मीटिंग संपेपर्यंत थांबण्याचा वस्तादांना आदेश होता. ते कामावर होते. मी स्वतः हजर होतो." खाली नाव, सही, तारीख. पेन फार दाबून धरलं होतं.

कागद तीन प्रतींचा होता, मध्ये कार्बन घातलेला.

"कार्बन?" जावईबापूंना राहवलं नाही. "डिजिटल कंपनीत?"

"मग! लाख डिजिटल झालं तरी जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची म्हटलं की यांना कागद लागतो, आणि तोही तीन प्रतींत." मामांनी गच्चीच्या कडेला जाऊन पान थुंकावं तसं ते वाक्य थुंकलं. "वरची प्रत कंपनीची, मधली ठेकेदाराची, खालची गुलाबी तंत्रज्ञाची."

बारक्यानं वरची टेबलावर ठेवली. मधली बॅगेत घातली. गुलाबी चार घड्या करून खिशात, न बघता. हत्यारं तिथंच टाकून, नुसती बॅग घेऊन तो जिन्यानं खाली आला, सात मजले. लिफ्टमध्ये शिरायची त्याला हिंमत झाली नाही. माझ्या लिफ्टमध्ये! तीत काही दोष नव्हता, पण असो.

उरलेली रात्र त्यानं बसच्या थांब्यावर काढली. सकाळी सातला काकूंच्या दारात गेला. आत यायला तयार होईना. उंबऱ्यातच उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. सावलीचं नाही. शुक्रवारचं. नऊ दहाचं, लिफ्टचं, पाच पावलांचं. खिशातला कागद काढून दिला.

काकू त्याला बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "तू आला असतास तर ते जगले असते का रे?"

"माहीत नाही, काकू."

"मलाही माहीत नाही." त्यांनी चष्मा लावला. "आता हे मी गल्लीतल्या एकेकीच्या हातात देणार. मोठ्यानं वाचायला लावणार."

आणि त्या वाचायला लागल्या. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, सावकाश. सहीपर्यंत आल्या. तिथं थांबायला हवं होतं. बोट आणखी खाली सरकलं. मग थांबलं.



"बारक्या," त्या म्हणाल्या, "ही खालची ओळ तुझी नव्हे."

*

"कंपनीनं पुढं काय केलं?" भाचीनं विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"जे करतात ते. समिती नेमली. समितीची मीटिंग बारा नंबरमध्येच झाली, नव्या पडद्यावर. चित्र म्हणे फार छान आलं. बारक्याला दुसऱ्याच दिवशी हाकललं, ते वेगळं सांगायला नको. परिवर्तनसाहेबांनी वरची प्रत त्याच्या तोंडावर फेकली. त्यानं ती उचलून घडी घातली आणि घेऊन आला. तीच त्याला हवी होती."

"आणि ती ओळ?"

मामांनी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली.

"मी तिन्ही कागद पाहिलेत, बारक्याच्या बॅगेतली मधली प्रतसुद्धा. काकूंच्या घरी, दिव्याखाली, शेजारी शेजारी ठेवून. गुलाबी प्रतीवर बारक्याच्या सहीखाली कार्बनचीच निळी अक्षरं आहेत. बारीक, उजवीकडं कललेली. 'खोली बारा. रात्री 12:47. सर्व बंद केले.' काकू म्हणाल्या, हाच त्यांचा सात, इंग्रजी, मध्ये आडवी रेघ मारलेला."

"म्हणजे बारक्यानंच..."

"कार्बनवर उमटायचं तर वरच्या कागदावर कुणीतरी लिहावं लागतं, बाई. वरचे दोन्ही कागद मी दिव्यासमोर धरून पाहिले. त्या जागी दोन्ही कोरे आहेत. नख फिरवून पाहिलं... खळगासुद्धा नाही."